अप्पांचे कपडे सोडा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

उठलो. गजर न लावता. म्हणजे लावला होता, पण तो वाजायच्या दोन मिनिटं आधी उठलो, तेव्हा न लावल्यासारखाच.

आजपासून नवीन आयुष्य. कपडे धुण्याची पावडर घरी बनवायची. आधी घरापुरती, मग बिल्डिंगपुरती, मग कुठे थांबायचं ते बघू.

हे अचानक ठरलेलं नाही. काल हिच्या ऑफिसातल्या एक बाई घरी आल्या होत्या. चहाचा ट्रे मीच नेला. त्यांनी माझ्याकडे बघून हिला विचारलं, हे काय करतात? ही म्हणाली, हे घरीच असतात. बस्स, एवढंच. फ्रीजही घरीच असतो. रंगाचा कारखाना बंद पडून दीड वर्ष झालं, त्याआधी एकोणीस वर्षं मी तिथे पॅकिंग खात्याचा सुपरवायझर होतो, हाताखाली अकरा माणसं होती, हे सांगायला असा कितीसा वेळ लागला असता? पण हिची सवयच तशी. ही तार ऑफिसात होती, तिथे शब्द मोजून लिहायचे. तार बंद झाली, ही कुरिअरच्या काउंटरवर गेली, शब्द मोजायची खोड मात्र गेली नाही. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. बाईंनी बघितलं. अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

असो. व्हिडिओ पाहिला आहे. साबण, सोडा, टाकणखार. तीन वस्तूंवर अख्खा उद्योग उभा आहे, आणि लोक उगाच दुकानात जातात.

संकल्प: रोज सहाला उठणे. रोज ही डायरी. रोज दाढी.

दाढी उद्यापासून.

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ

दिवसभर काम केलं. लेबल तयार.

पावडर अजून बनवलेली नाही. पण माल कुणी बघत नाही, डबा बघतात, हे एकोणीस वर्षांत शिकलो. नाव ठेवलंय 'लख्ख'. खाली बारीक अक्षरांत: हातांना मऊ, त्वचेला सौम्य, आजोबांपासून नातवंडांपर्यंत. नातवंडं आमच्याकडे नाहीत. मुलंच नाहीत तर नातवंडं कुठून येणार? पण अप्पा आहेत.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. आयुष्यभर रफूचं काम केलं, अजून करतात. कोपऱ्यावरचा शिंपी गिऱ्हाइकांचे कोट नि स्वेटर पाठवतो. अप्पा खिडकीत बसून धागा धागा ओवतात, आणि भोक नेमकं कुठे होतं ते कोटाच्या मालकालाही सापडत नाही. मांडीवर मांजर असते. तिचं नाव मुकादम, कारण ती काम करत नाही, नुसती बघते. माझ्याकडेही तशीच बघते.

अप्पांना लेबल दाखवलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. छान आहे म्हणाले.

दीड वर्षात त्यांच्या तोंडून मला 'छान' ऐकू आलेलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, गहिवरून आलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २

बॅच नंबर एक. साबणाच्या सहा वड्या किसल्या. किसणी हिची. वर दोन वाट्या सोडा, एक वाटी टाकणखार. ढवळताना सोळा शिंका आल्या. मुकादम उठून दुसऱ्या खोलीत गेली. क्रांतीला सुरुवातीला विरोध व्हायचाच.

सोडा मात्र धुण्याचा घ्यायचा, खाण्याचा नव्हे. दुकानदाराने तीनदा विचारलं, कुठला सोडा? मी तीनदा ठासून सांगितलं. या धंद्यात असल्या बारीक चुका करणारे लोक बुडतात.

संध्याकाळी ७. गाजराला साबणाचा वास येतोय, असं ही म्हणाली. मी म्हटलं, मग गाजर स्वच्छ आहे. ही हसली नाही. नवी किसणी आणायची आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली धुलाई. फेस नाही. अजिबात नाही. मशीनच्या काचेला नाक लावून चाळीस मिनिटं बसलो, कपडे आपले नुसते पाण्यात फिरत होते. पण फेसाचा आणि स्वच्छतेचा काही संबंध नाही, असं व्हिडिओत सांगितलंय. फेस ही ग्राहकाची मानसिक गरज आहे.

टॉवेल वाळल्यावर कडक झाले. माझा तर कोपऱ्यात उभा केला तर उभा राहिला. ही म्हणाली, याने अंग पुसायचं की दार अडवायचं? कडकपणा म्हणजे ताकद. थोडी कमी पडतेय म्हणून फेस नाही. बॅच दोनमध्ये सोडा चार वाट्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरातल्या धुण्याचं खातं अधिकृतपणे माझ्याकडे आलं. म्हणजे मी घेतलं.

हिने मात्र आपले कपडे वेगळे काढले. सकाळी अंघोळीच्या आधी जुन्या वडीने हाताने धुते. का, असं विचारलं तर म्हणाली, सवय. म्हणजे घरातूनच अविश्वास. आता ट्रायलला उरले फक्त माझे कपडे आणि अप्पांचे. अप्पांनी बिचाऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. बनियन, लेंगे, चादर, टॉवेल, सगळं मुकाट्याने देऊन टाकलं. ग्राहक असावा तर असा.

बॅच तीन. सोडा सहा वाट्या. आता थोडा फेस दिसला. की भास झाला? पण दिसला.

कमरेला थोडी खाज येतेय. हवा कोरडी आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अप्पा खाजवतात. मानेवर, कमरेला, काखेत. विचारलं तर म्हणाले, उष्णता. मीही म्हटलं, उष्णताच. दोन माणसांचं एकमत झालं की शंकेला जागा राहत नाही.

शिंप्याकडचा एक कोट आलाय, बाहीवर सिगारेटने पडलेलं भोक. एरवी दुपारभराचं काम. आज अप्पांनी तीनदा धागा ओवला नि तीनदा उसवला. सुई धरली की मधेच हात मानेकडे जातो. एकदा बोटात टोचली. मुकादम तेवढी टक लावून बघत होती.

ही म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, सोमवारी नेतो. मी घरीच असतो ना!

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपार

अप्पांना कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे फॉर्म भरावा लागतो. सोबतच्या व्यक्तीचा व्यवसाय, अशी रेघ होती. दीड वर्ष अशा रेघा मी कोऱ्या सोडत आलो. आज लिहिलं, उद्योजक (धुलाई). लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. बॅगेत लख्खचं पाकीट होतं, लेबलसकट. बाईंना भेट द्यायचं ठरवून नेलं होतं.

बाईंनी अप्पांची मान पाहिली, पाठ पाहिली, कंबर पाहिली. कंबरेला नाडीच्या रेघेवर लाल पट्टा उठलाय. मग माझ्याकडे वळून विचारलं, घरात अलीकडे साबण बदललात का?

मी नाही म्हणालो.

कसं तोंडातून आलं ते कळलं नाही. पाकीट मांडीवरच्या बॅगेत होतं. मी बॅगेची चेन लावली. अप्पा समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत होते, कातडीला थर किती असतात त्याचा. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग अन्नातून असेल, बाई म्हणाल्या. अंडी बंद, शेंगदाणे बंद. आठवड्याने या.

संध्याकाळी. शांतपणे विचार केला. मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. प्रश्न साबणाचा होता. साबण मी बदललेला नाही. तोच साबण आहे, फक्त किसलेला. त्यांनी पावडर बदलली का असं विचारलं असतं तर गोष्ट वेगळी होती. डॉक्टरांनी प्रश्न नीट विचारायला पाहिजेत.

हिने आल्या आल्या विचारलं, पावडरचं सांगितलंत का त्यांना? मी म्हटलं, त्यांनी सगळं विचारलं. हे अक्षरशः खरं आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अप्पांचं सकाळचं अंडं ठरलेलं. बेचाळीस वर्षं, अर्धं उकडलेलं, वर मिठाची चिमूट. आज नुसता पाव. चावून चावून खाल्ला नि बशी स्वतः धुऊन ठेवली.

माझ्यासाठी हिने अंडं केलं होतं. मी ते मुकादमला दिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंना सांगून टाकायचं. पक्कं. रविवारी.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोन केला. दवाखाना बंद. रविवारी बंद असतो. मी प्रयत्न केला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी खेप. लाली पाठीवर चढलीय. अप्पांनी सदरा काढला तेव्हा बाई 'अरे अरे' म्हणाल्या. चहा बंद. मग म्हणाल्या, घरात पाळीव प्राणी आहे का?

या प्रश्नाचं उत्तर मी ताबडतोब आणि अगदी खरं दिलं. आहे, मांजर आहे, चोवीस तास यांच्या मांडीवर असते, केस गळतात, ढिगाने गळतात. डॉक्टरांपासून काही लपवू नये. बोलत असताना वाटलं, वा, किती मोकळं वाटतंय. मग अप्पांच्या हाताकडे लक्ष गेलं. ते आपल्या लेंग्यावरचे मांजरीचे केस एकेक करून वेचत होते.

मांजर महिनाभर तरी घराबाहेर ठेवा, असं बाईंनी सांगितलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मुकादमला शिंप्याकडे पोचवलं. अप्पांनी स्वतः तिला टोपलीत ठेवलं. खाली आपला जुना स्वेटर घातला, कोपराला त्यांनीच रफू केलेला. तिला म्हणाले, चार दिवसांचा प्रश्न आहे, तिथेही काम चालतं, तिथे बघ. टोपली मला दिली नि खिडकीत जाऊन बसले. समोर कोट होता, हातात घेतला नाही.

रस्ताभर मुकादम टोपलीच्या फटीतून माझ्याकडे बघत होती. शिंप्याने विचारलं, काय झालं अप्पांना? मी म्हटलं, मांजरीमुळे ऍलर्जी. शिंपी हळहळला. परत येताना मला स्वतःची शरम वाटली. शब्द लिहून ठेवतो, शरम. वाटली होती याचा पुरावा राहील.

मी एका मांजरीवर आळ घेतलाय. वय बावन्न.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तोडगा निघाला. कुणाला काही सांगायची गरजच नाही. बॅच चार गुपचूप बनवली. सोडा एक वाटी. अप्पांचे सगळे कपडे दोनदा खळबळले. अप्पा बरे होतील, माझा शब्द राहील, उद्योगही राहील. असं डोकं चालतं म्हणून तर सुपरवायझर होतो.

३ मार्च, सोमवार

अप्पांना उतार आहे! मानेवरची लाली निम्मी झाली. काल कोटाचं भोक भरून टाकलं. ही खूश. ही म्हणाली, मांजरीचंच होतं म्हणायचं.

मग दुपारी विचार करत पडलो. खरंच की! मांजर मंगळवारी गेली, उतार शुक्रवारपासून. विज्ञान म्हणजे दुसरं काय असतं? गेले पंधरा दिवस मी स्वतःला किती छळलं. लख्ख निर्दोष आहे. आळ मांजरीवर नव्हता, लख्खवर होता, आणि तो घेणाराही मीच.

मन हलकं झालं. बॅच पाच बनवली. सोडा पुन्हा सहा वाट्या.

५ मार्च, बुधवार. सकाळी ९.३०

आज जे घडलं ते विसरायच्या आत लिहून ठेवतो.

ही आज सातलाच गेली. मशीनच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली. हिच्या चिठ्ठ्या म्हणजे तारा. 'दूध फ्रीज.' 'किल्ली खाली.' 'गॅस सिलेंडर उद्या.' क्रियापद म्हणून कधी नाही. आजची चिठ्ठी:

'अप्पांचे कपडे सोडा.'

तीनदा वाचली. महिनाभर जिने लख्खला हात लावला नाही, गाजराच्या वासावरून बोलली, टॉवेलची थट्टा केली, ती आज आपण होऊन सांगतेय की अप्पांच्या कपड्यांना सोडा टाका. मांजरीचे केस राहिले असतील, ते निघावेत म्हणून. म्हणजे हिने अभ्यास केलाय! नवऱ्याच्या धंद्यात लक्ष घातलंय!

डोळे भरून आले. चिठ्ठी डायरीत ठेवली आहे.

अप्पांचं सगळं घेतलं. चादर, उशीचा अभ्रा, चार बनियन, तीन लेंगे, टॉवेल. लख्ख घातलीच, वर दोन वाट्या सोडा नुसता. हिने सांगितलंय म्हटल्यावर हात कशाला आखडायचा? पाण्यातून एकदाच काढले, म्हणजे गुण धुऊन जायला नको.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ११

सकाळी अप्पा सदरा घालताना थांबले. बनियन पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, काढतो. अप्पा म्हणाले, राहू दे. मी तरी काढला. पाण्याने भिजवून हळूहळू काढला, तरी कातडं आलं.

पुढचं लिहवत नाही.

संध्याकाळी ६

हिला फोन केला होता, ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. अप्पांची पाठ बघितली. मग मला आतल्या खोलीत नेऊन विचारलं, मी लिहून गेले होते ना? मी म्हटलं, हो, तू सांगितलंस तसंच केलं, उलट दोन वाट्या जास्तच टाकला.

काय टाकलात, ही म्हणाली.

मी चिठ्ठी दाखवली. हिने वाचली. पलंगावर बसली. मग म्हणाली, सोडा म्हणजे राहू द्या. त्यांची मान पुन्हा लाल दिसली, म्हणून त्यांचे कपडे धुऊ नका, मी येऊन वडीने धुते, असं. सोडा. सोडून द्या.

आयुष्यात पहिल्यांदा हिने चिठ्ठीत क्रियापद लिहिलं आणि मी त्याचा पदार्थ केला.

मी म्हटलं, बघ, तू मला अहो-जाहो करतेस म्हणून हे झालं. अरे-तुरे करत असतीस तर 'सोड' लिहिलं असतंस, मग प्रश्नच आला नसता. म्हणजे तसा हा आदरामुळे झालेला अपघात आहे. बोलता बोलता हिच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि पुढचं वाक्य गिळलं. ही रडत होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी हिला दोनदा रडताना पाहिलंय.

ही म्हणाली, मला वाटलं डॉक्टरांना माहीत आहे. मला वाटलं तुम्ही सांगितलंय.

८ मार्च, शनिवार. दुपार

तिसरी खेप. हिला रजा मिळाली नाही. रिक्षात अप्पा पुढे वाकून बसले होते, पाठ टेकवत नव्हते. प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत. मी ठरवलं होतं, गेल्या गेल्या सांगायचं. खुर्चीत बसायच्या आधी.

बाईंनी पाठ पाहिली आणि हातमोजे घातले. हे अन्नाचं नाही, म्हणाल्या. मांजर काढलीत? काढली. मग पुन्हा विचारते, साबण, पावडर, नीळ, कपड्यांना काही नवीन लागलंय का?

या वेळी प्रश्न नीट विचारला होता. पावडरसकट.

मी तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होता.

अप्पाच बोलले. म्हणाले, काही नवीन नाही बाई, सगळं नेहमीचंच. म्हातारं कातडं, दुसरं काय. मुलगा माझा नीट धुतो सगळं.

मी उघडलेलं तोंड मिटलं. बाईंनी मलम लिहून दिलं, गोळ्या वाढवल्या, पलीकडच्या हॉस्पिटलात तपासण्या सांगितल्या. सुयांनी टोचून बघायच्या. अठ्ठेचाळीस टोचण्या. अप्पा बरं म्हणाले.

संध्याकाळी ५

आमचा मजला दुसरा. पहिल्या मजल्याच्या वळणावर अप्पा दम खायला थांबले, कठड्याला धरून. मी विचारलं, असं का सांगितलंत? तुम्हाला माहीत होतं ना?

होतं, म्हणाले. पहिल्या आठवड्यातच कळलं. माझ्या अंगावरचे कपडे आहेत रे ते.

मग बोलला का नाहीत?

अप्पा म्हणाले, हल्ली तू सहाला उठतोस. दीड वर्ष मी सकाळी पडून असायचो, तुझ्या खोलीची कडी वाजायची वाट बघत. आठ वाजायचे, दहा वाजायचे. कधी अकरा. तुझा आवाज आला की मग मी सुई घ्यायचो हातात. तोवर हाताला काही सुचायचंच नाही. आता सहाला वाजते कडी. किसणी चालते. शिंका देतोस. खाजेचं काय, खाज जाते.

मी जिन्यात बसलो. तिथेच, पायरीवर. खालून कुणीतरी चढत होतं, त्यांना वाट द्यायलाही उठलो नाही. अप्पा उभेच होते, बसताना पाठ ताणते म्हणून. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तर मला तो झटकून टाकावासा वाटला, इतकी लाज वाटली. झटकला नाही. नंतर मीच त्यांना धरून वर नेलं.

१० मार्च, सोमवार. दुपार

एकटाच गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. मी माझं सांगितलं. व्यवसायाची रेघ कोरी सोडली.

बाई म्हणाल्या, तुम्हाला काय होतंय? मी सदरा वर केला. माझ्याही कमरेला पट्टा आहे, महिन्यापासून. मग सांगितलं. पावडर मी बनवतो. फेब्रुवारीपासून. दोनदा तुम्ही विचारलंत, एकदा मी नाही म्हणालो आणि एकदा वडिलांना म्हणू दिलं.

त्यांनी विचारलं, सोडा किती? प्रमाण सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. दोन वाट्या वरून नुसता, हेही सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, एक्याऐंशी वर्षांच्या माणसाची अंडी, चहा, मांजर, सगळं बंद केलं मी. तुम्ही इथे बसला होतात.

होय, म्हणालो.

मग त्यांनी अप्पांचा कागद काढला. तपासण्यांवर काट मारली. अंडी चालू, शेंगदाणे चालू, चहा चालू, मांजर चालू. मला विचारलं, पावडरला नाव काय दिलंय? मी खाली बघून सांगितलं. त्यांनी लिहिलं: 'लख्ख बंद.' खाली दोन रेघा.

माझ्या ब्रँडचं नाव दुसऱ्या कुणाच्या हातून लिहिलं गेलं, ते हे पहिलंच.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळ

हिला काल सगळं सांगितलं होतं. कळलं, एवढंच म्हणाली. पण आज अप्पांचे कपडे धुवायला मी बसलो तर वडी तिनेच पुढे सरकवली. हाताने धुतले. पाण्यातून सहा वेळा काढले. सहावं पाणी प्यायच्या पाण्यासारखं होईपर्यंत.

मुकादमला आणलं. शिंप्याला खरं काय ते सांगितलं. तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. ती टोपलीत बसायला तयार नव्हती, हातावर तीन ओरखडे काढले. घरी आल्यावर मला ओलांडून सरळ अप्पांकडे गेली. मांडीवर उडी मारायला बघत होती. अप्पांनी दोन्ही हातांनी अडवलं, मांड्यांवरही सोललंय. मग ती त्यांच्या पायांशी बसली. अप्पा वाकून तिला हात लावू शकत नाहीत. पायाच्या अंगठ्याने तिची पाठ खाजवत होते.

अजून पंधरा दिवस तरी लागतील, बाई म्हणाल्या होत्या. खुणा राहतील.

पावडर आठ किलो शिल्लक आहे. हिने चिमूटभर घेऊन सिंक घासलं. सिंक चांगलं निघालं, म्हणाली.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ६.००

उठलो. करायला काही नाही. किसायचं नाही, ढवळायचं नाही. परत पडावंसं वाटलं, पण नाही. अप्पा वाट बघत असतील.

त्यांना ऐकू जावं म्हणून दाराची कडी जरा जोरात काढली. दोनदा.

आतून अप्पांचा आवाज आला. म्हणाले, हळू रे, रात्रभर आग होत होती, आत्ता कुठे डोळा लागला होता.

कडी हळूच परत लावली.